आर कुणाशी जोडला जातोय? अमेरिकन घरातला थर्मोस्टॅट बसवताना आणि तपासताना

पुण्या-मुंबईहून अमेरिकेत गेलेल्या माणसाच्या डोक्यात तापमान ही एका खोलीपुरती बाब असते. खोलीत एसी, एसीला रिमोट, रिमोटवर २४. (स्टार लेबलवाल्या रूम एसींना १ जानेवारी २०२० पासून सरकारनेच २४ अंश हे सुरुवातीचं सेटिंग ठरवून दिलंय.) अमेरिकेतल्या घराचा मामला वेगळा. बेसमेंटमध्ये किंवा माळ्यावर फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, घराबाहेर कॉम्प्रेसरचं युनिट, सगळ्या खोल्यांना जाणारे पत्र्याचे डक्ट आणि या सगळ्या पसाऱ्याला हुकूम देणारी, हॉलवेच्या भिंतीवर बसवलेली एक डबी, म्हणजे थर्मोस्टॅट. घर भाड्याचं असतं तोवर त्या डबीकडे फारसं लक्ष जात नाही. स्वतःचं घर घेतलं की पहिल्या थंडीत ती बदलायची हुक्की येते. नवा वायफायवाला थर्मोस्टॅट आणला जातो, जुना काढला जातो आणि भिंतीतून बाहेर आलेल्या रंगीबेरंगी वायरींकडे बघत माणूस तिथेच थबकतो.

घाबरण्यासारखं त्यात काही नाही. थर्मोस्टॅट स्वतः काही तापवत नाही आणि गारही करत नाही. तो फक्त वायरी एकमेकींशी जोडतो आणि सोडतो. त्याच्यापाशी एकच ‘पुरवठ्याची’ वायर येते, तिचं नाव आर. खोलीतलं तापमान बघून आर कुणाशी जोडायची, एवढंच तो ठरवतो. हे एकदा पक्कं समजलं की जोडणी, सेटिंग आणि चाचणी या तिन्हींतला गूढपणा जातो.

अक्षरं कशाकशाची

फर्नेसच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. घरातल्या १२० व्होल्टचे तो २४ व्होल्ट करतो. ताकद बहुधा ४० व्हीए (व्होल्ट-अँपिअर), म्हणजे अगदीच बेताची. या २४ व्होल्टची एक बाजू म्हणजे आर आणि दुसरी, परतीची बाजू म्हणजे सी. बाकीची अक्षरं ही कामकऱ्यांची नावं आहेत: डब्ल्यू म्हणजे हीटिंग, वाय म्हणजे बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर, जी म्हणजे घरभर हवा फिरवणारा पंखा, म्हणजेच ब्लोअर.

थर्मोस्टॅटने आर आणि डब्ल्यू जोडले की फर्नेस पेटते. आर, वाय आणि जी जोडले की एसी चालू होतो. नुसते आर आणि जी जोडले तर फक्त पंखा. साध्या गॅस फर्नेस आणि एसीच्या घरात याहून जास्त काहीही नाही.

रिवाजाप्रमाणे आरची वायर लाल, डब्ल्यूची पांढरी, वायची पिवळी, जीची हिरवी आणि सीची निळी किंवा काळी. पण रंग हा फक्त रिवाज आहे. तीस वर्षांपूर्वी ज्याने वायर ओढली त्याच्याकडे त्या दिवशी जी शिल्लक होती ती त्याने लावली असेल. म्हणून वायर ओळखायची ती जुन्या थर्मोस्टॅटवर ज्या अक्षराखाली बसली होती त्या अक्षरावरून. शंका आली तर खाली जाऊन फर्नेसच्या बोर्डावर तीच वायर कोणत्या अक्षराला लागलीय ते बघायचं. तिथे वाय आणि सीच्या स्क्रूखाली दोन-दोन वायरी दिसल्या तर गोंधळू नका. एक वर थर्मोस्टॅटकडे जाते, दुसरी बाहेरच्या युनिटकडे.

आरचे कधी कधी दोन भाग असतात, आरएच आणि आरसी. हीटिंगचा ट्रान्सफॉर्मर वेगळा आणि कूलिंगचा वेगळा असेल तर त्या दोन वायरी वेगळ्याच ठेवायच्या. एकच ट्रान्सफॉर्मर असेल तर दोन्ही अक्षरांमध्ये वायरीचा छोटा तुकडा, म्हणजे जंपर, लागतो. बऱ्याच नव्या थर्मोस्टॅटमध्ये तो आतच असतो.

सी नावाची डोकेदुखी

अमेरिकेतल्या जुन्या घरांत सीची वायर थर्मोस्टॅटपर्यंत आलेलीच नसते, कारण तिची गरजच नव्हती. विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटरच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, शिकवणाऱ्या वॉरन जॉन्सन यांनी खोलीसाठीच्या विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं १८८३ मध्ये. त्याआधी तापमान बघायला शाळेचा रखवालदार वर्गावर्गात डोकवायचा आणि खाली जाऊन झडपा हलवायचा. पुढे १९५३ मध्ये हनीवेलने हेन्री ड्रेफस यांच्या डिझाइनचा तो प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट आणला. त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी गुंडाळून बसवलेली असते आणि तिच्या टोकाला पाऱ्याची काचेची कुपी. थंडीने पट्टी वळते, कुपी कलते, पारा घरंगळून दोन तारा जोडतो. या सगळ्याला स्वतःची वीज लागतच नाही. आर आणि डब्ल्यू, दोन वायरींत काम भागतं.

नव्या थर्मोस्टॅटला मात्र स्क्रीन आहे, वायफाय आहे, चोवीस तास जागं राहणं आहे. त्याला स्वतःच्या पोटासाठी वीज हवी, आणि वीज फिरायची तर परतीची वाट हवी. ती वाट म्हणजे सी. काही मॉडेल सीशिवाय चालतात म्हणे. ती मशीन बंद असताना डब्ल्यू किंवा वायच्या वायरीतून थोडी थोडी वीज चोरून आतली बॅटरी भरतात. काही घरांत हे बिनबोभाट चालतं. काहींत ऐन जानेवारीत बॅटरी उतरते, किंवा त्या चोरट्या विजेनेच मशीन अधूनमधून फुरफुरतं. माझं मत स्पष्ट आहे: सी मिळत असेल तर घ्याच.

आणि ती पुष्कळदा भिंतीतच असते. भिंतीतली केबल साधारण पाच वायरींची असते, त्यातल्या चारच वापरात असतात. जुना थर्मोस्टॅट काढल्यावर केबल हलकेच इंचभर पुढे ओढा आणि टॉर्च मारून बघा. बाहेरच्या आवरणाभोवती उलटी गुंडाळून ठेवलेली एखादी निळी वायर हमखास सापडते. ती सोडवायची, टोक पाऊण सेंटिमीटर सोलायचं, सीला लावायची, मग खाली फर्नेसच्या बोर्डावरही तिचं दुसरं टोक शोधून सीला लावायचं. फक्त वर जोडून काही उपयोग नाही. वायरच नसेल तर उत्पादक देतात तो ॲडाप्टर फर्नेसपाशी बसवता येतो, किंवा प्लगमध्ये लावायचा २४ व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर मिळतो. दुसरा उपाय दिसायला गबाळा, पण तोही चालतो.

हात लावण्याआधी

जुन्याचं झाकण काढल्यावर काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारीक वायरींऐवजी दोन किंवा चार जाड वायरी, प्लास्टिकच्या टोप्या घालून जोडलेल्या दिसल्या तर तिथेच थांबा. तो १२० किंवा २४० व्होल्टवरचा, बेसबोर्ड हीटरचा (भिंतीच्या तळाशी बसवलेल्या विजेच्या हीटरचा) थर्मोस्टॅट आहे. २४ व्होल्टवाला तिथे लावला तर तो जळेल, कदाचित भिंतही. त्याला वेगळ्या जातीचा थर्मोस्टॅट लागतो, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं.

बारीक वायरी असतील तर वीज बंद करा. म्हणजे थर्मोस्टॅट ‘ऑफ’ला नेऊन भागत नाही. फर्नेसजवळ दिव्याच्या बटणासारखं एक बटण असतं, पुष्कळ घरांत त्यावर लाल पट्टी असते. ते बंद, आणि पॅनलमधला ब्रेकरही बंद. २४ व्होल्टचा माणसाला धक्का बसत नाही हे खरं. पण चालू विजेत लाल वायरीचं उघडं टोक सीला क्षणभर चिकटलं तरी बोर्डावरचा फ्यूज उडतो. हा फ्यूज मोटारीत असतो तसा छोटा, चपटा, ३ किंवा ५ अँपिअरचा असतो, दुकानात सहज मिळतो. जुन्या मशीनमध्ये फ्यूजच नसतो, तिथे सरळ ट्रान्सफॉर्मर जातो.

मग फोटो काढा. दोन काढा. प्रत्येक वायरीला तिचं अक्षर लिहिलेला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि सगळ्यात शेवटी स्क्रू सोडवा. वायरींचा जुडगा भिंतीत घसरू नये म्हणून पेन्सिलीला गुंडाळून ठेवायची युक्ती जुनीच आहे, पण कामाची.

जुना थर्मोस्टॅट पाऱ्याचा निघाला तर कचऱ्यात टाकू नका. त्या कुपीत काही ग्रॅम पारा असतो. घातक कचरा घेणाऱ्या केंद्रांत किंवा हीटिंग-कूलिंगचं सामान विकणाऱ्या अनेक दुकानांत तो परत घेतात. कुपी फुटू न देता, हातात सरळ धरून तिथवर न्यायचा.

जागा बदलणं शक्य नसलं तरी जागेचा दोष ओळखता यायला हवा. थर्मोस्टॅट जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, आतल्या भिंतीवर असावा. ऊन, दिवा, स्वयंपाकघर, बाहेरचं दार आणि डक्टच्या तोंडाचा झोत यांपासून लांब. आणखी एक दोष डोळ्यांना दिसत नाही: भिंतीतलं भोक. वायरी येतात त्या भोकातून बेसमेंटची गार हवा थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते आणि तो घराऐवजी भिंतीच्या पोकळीचं तापमान मोजत बसतो. भोकात चिमूटभर पुट्टी दाबली की झालं. दहा पैशांचं काम आहे, पण नव्या थर्मोस्टॅटच्या कितीतरी ‘चुकीचं तापमान दाखवतो’ अशा तक्रारी इथेच मिटतात.

सेटिंगमध्ये तो काय विचारतो

वीज चालू केली की नवा थर्मोस्टॅट प्रश्न विचारतो. काही मॉडेल वायरी बघून स्वतःच अंदाज बांधतात. तो अंदाज डोळे झाकून ‘पुढे’ दाबत मान्य करू नका. वायर आहे की नाही एवढंच त्याला कळतं, तिच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते कळत नाही.

पहिला प्रश्न, घरात काय आहे? फर्नेस आणि एसी, की हीट पंप? बाहेरचं युनिट बघून फरक कळत नाही. थर्मोस्टॅटवर ओ, बी, ऑक्स किंवा ई अशा अक्षरांना वायर असेल तर हीट पंप असण्याची शक्यता मोठी. हिवाळ्यातही बाहेरचं युनिट फिरत असेल तर हीट पंपच.

हीट पंप म्हणजे उलटा चालू शकणारा एसी. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत ओढतो. वाय दोन्ही ऋतूंत लागतो, कारण कॉम्प्रेसर दोन्हीकडे तोच. दिशा ठरवते ती एक झडप, आणि तिची वायर म्हणजे ओ किंवा बी. बहुतेक कंपन्यांत कूलिंगच्या वेळी झडपेला वीज जाते, त्याला ओ म्हणतात. रीम आणि रूडच्या मशीनमध्ये हीटिंगच्या वेळी जाते, ते बी. सेटिंगमध्ये हे उलटं निवडलं गेलं तर हीटिंग लावल्यावर घर गार होतं आणि कूलिंग लावल्यावर तापतं. मशीन शाबूत असतं, जोडणीही बरोबर असते, फक्त ओच्या जागी बी निवडायचं असतं. ट्रेन (Trane) या कंपनीच्या काही जुन्या हीट पंपांचं आणखी वेगळं: तिथे बी हे अक्षर परतीच्या वायरीचं, म्हणजे सीचं असतं. ती वायर नव्या थर्मोस्टॅटच्या ओ/बीला लावलीत तर शॉर्ट झालाच म्हणून समजा. ट्रेनचं मशीन असेल तर फर्नेसच्या बाजूला जाऊन बघितल्याशिवाय बीला हात लावू नका.

दुसरा प्रश्न पंख्याचा. हीटिंगच्या वेळी पंखा कोण चालवणार, फर्नेस की थर्मोस्टॅट? गॅस फर्नेस आपला पंखा आपणच सांभाळते, आधी तापते आणि मग हवा सोडते. इलेक्ट्रिक फर्नेसला बहुधा थर्मोस्टॅटनेच जीला वीज द्यावी लागते. गॅसच्या घरात चुकून ‘इलेक्ट्रिक’ निवडलं तर दरवेळी पहिली मिनिटभर गार हवा अंगावर येते.

तिसरं सेटिंग बहुतेक जण बघतही नाहीत: तासाला किती फेऱ्या. दुधाखालचा गॅस बंद केला तरी तापलेल्या पातेल्याच्या धगीने दूध वर येतंच, तसं फर्नेस बंद झाल्यावरही डक्टमधली उष्णता घराला मिळत राहते. जुन्या गोल थर्मोस्टॅटमध्ये यासाठी एक इवलीशी तार असायची, ती आतल्या आत थोडी तापून पट्टीला ‘आता पुरे’ असं वेळेआधीच सांगायची. आता हे काम आकड्याने होतं. हनीवेलच्या पुस्तिकांमध्ये साध्या गॅस फर्नेसला तासाला ५ फेऱ्या, ९० टक्क्यांहून जास्त कार्यक्षम फर्नेसला आणि गरम पाण्याच्या रेडिएटरला ३, इलेक्ट्रिक हीटिंगला ९, वाफेच्या रेडिएटरला १, असे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे तापमान स्थिर पण मशीनची चालू-बंद जास्त. लहान आकडा म्हणजे त्याच्या उलट. दर थोड्या मिनिटांनी फर्नेस चालू-बंद होत असेल तर मेकॅनिकला बोलावण्याआधी हा आकडा बघा. आकडा बरोबर असूनही तसंच होत असेल तर फिल्टर बघा.

‘ऑटो’ मोडमध्ये हीटिंग आणि कूलिंग दोन्ही आपापली वेळ बघून चालतात, म्हणून त्या दोन आकड्यांमध्ये थोडं अंतर लागतं. हे अंतर नसेल तर फर्नेस घर तापवते, एसी ते गार करतो आणि दोन्ही बिलं तुम्ही भरता. व्यापारी इमारतींच्या ॲश्रे ९०.१ मानकात हे अंतर किमान ५ अंश फॅरनहाइट मागितलंय. घरातले थर्मोस्टॅट साधारण २ ते ५ अंशांचं ठेवतात आणि त्याहून कमी करू देत नाहीत. सुरुवातीला लोक याच्याशी भांडतात. घरात एकाला ७० हवं असतं, दुसऱ्याला ७१. अशा वेळी ऑटो सोडून ऋतूप्रमाणे हीट किंवा कूल निवडणं हा शहाणा मार्ग.

चाचणी, एकेकाची

चाचणी पंख्यापासून सुरू करायची. मोड ‘ऑफ’, फॅन ‘ऑन’. थर्मोस्टॅटमध्ये खट् झालं किंवा नाही झालं, काही सेकंदांत डक्टच्या जाळीतून हवा यायला हवी. आली, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आर, जी आणि ब्लोअर ठीक. मग फॅन परत ‘ऑटो’ला.

आता हीट. सेट तापमान खोलीच्या तापमानापेक्षा ५ अंश वर न्या आणि सरळ बेसमेंटमध्ये जाऊन फर्नेससमोर उभे राहा. पुढचा क्रम कानांनी ऐकण्यासारखा आहे. आधी एक लहान मोटर घुमायला लागते, हा धूर बाहेर ढकलणारा पंखा. तो नीट ओढतोय याची खात्री एक प्रेशर स्विच करतो, त्याचा बारीक टिक ऐकू येतो. मग छोट्या काचेच्या खिडकीतून नारिंगी उजेड दिसतो. पेटवणारी कांडी तापून लाल होत असते. त्यानंतर गॅसच्या व्हॉल्व्हचा ठळक खट्, आणि बर्नर एकापाठोपाठ एक भप्-भप् करत निळ्या ज्योतीने पेटतात. एक सेन्सर ज्योत खरंच लागलीय का ते बघतो. नसेल लागली तर काही सेकंदांत गॅस बंद. ज्योत टिकली की साधारण अर्ध्या ते पाऊण मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होतो आणि वरच्या खोल्यांत गरम हवा पोचते. थर्मोस्टॅटचा हुकूम आणि हवा यांत मिनिट-दीड मिनिट जातं ते यामुळे. एवढ्यात ‘चालत नाही’ म्हणून बटणं दाबत सुटलात तर क्रम पुन्हा पहिल्यापासून.

मोसमातल्या पहिल्या वेळी जळक्या धुळीचा वास येतो, थोड्या वेळात जातो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो गॅस. काहीही न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि फोनही बाहेर गेल्यावर करायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसलेल्या घरात फर्नेसची चाचणी मी तरी करणार नाही.

मग सेट तापमान खाली आणा. बर्नर लगेच विझायला हवेत, पण ब्लोअर मिनिट-दोन मिनिटं उरलेली उष्णता ओढत फिरत राहतो. तो लगेच बंद झाला नाही म्हणून काळजी नको.

कूलिंगची चाचणी बाहेर ६० अंश फॅरनहाइटपेक्षा (साधारण १५.५ सेल्सिअस) जास्त तापमान असेल तरच. डिसेंबरात नवा थर्मोस्टॅट बसवून उत्साहाने एसीही लावून बघणं हे कॉम्प्रेसरच्या जिवावर येऊ शकतं. गारठ्यात आतल्या वायूचा दाब उतरतो, कॉइलवर बर्फ धरतो आणि द्रवरूपातला वायू कॉम्प्रेसरमध्ये जाऊ शकतो. थर्मोस्टॅट हिवाळ्यात बसवला असेल तर कूलिंगची चाचणी एप्रिल-मेपर्यंत राहू द्या.

ऊबदार दिवशी सेट तापमान ५ अंश खाली न्या. बाहेरचं युनिट लगेच चालू न झाल्यास पाच मिनिटं थांबा. कॉम्प्रेसर बंद झाल्या झाल्या परत चालू होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट मुद्दाम एवढा वेळ घालवतो, आणि बऱ्याच मॉडेलवर त्या वेळात स्नोफ्लेक लुकलुकत असतो. पंधरा मिनिटं चालू द्या. नंतर स्वयंपाकातला साधा डिजिटल थर्मामीटर घेऊन हवा आत ओढणाऱ्या मोठ्या जाळीपाशी आणि गार हवा सोडणाऱ्या जवळच्या जाळीपाशी तापमान मोजा. फरक १५ ते २० अंश फॅरनहाइट आला तर मशीन खाशी. दमट दिवशी थोडा कमी येतो. दहाच्या आसपास आला तर आधी फिल्टर बदला, मगच फोन फिरवा.

हीट पंपाच्या घरात हीटिंग तपासताना हवेला हात लावून मत बनवू नका. जाळीतून येणारी हवा बऱ्याचदा ९० ते १०० अंशांची, म्हणजे अंगाच्या तापमानाच्या आसपासची असते. हाताला ती कोमट, कधी गारच लागते, पण घर तापतंय. अधूनमधून बाहेरचं युनिट वाफ सोडतं तेही ठीक. कॉइलवरचा बर्फ वितळवायला ते थोडा वेळ उलटं फिरतं. ‘इमर्जन्सी हीट’ हे बटण फक्त हीट पंप बिघडल्यावर दाबायचं. नुसती थंडी वाढली म्हणून ते लावून बसलात तर विजेचं बिल बघून घाम फुटेल.

शेवटी अचूकपणा. दुसरा भरवशाचा थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या शेजारी अर्धा तास ठेवा. हातात धरून नव्हे, आणि बसवल्यानंतर लगेच नव्हे. स्क्रीन स्वतःच गरम असते, तिला स्थिर होऊ द्या. अंशभराचा फरक सोडून द्यायचा. दोन-तीन अंशांचा असेल आणि भोकातली पुट्टी झाली असेल, तर सेटिंगमध्ये ‘ऑफसेट’ असतो, त्यात दुरुस्त करा.

काहीच चालत नसेल तर

स्क्रीन काळी असेल तर थर्मोस्टॅटला दोष देण्याआधी फर्नेसचं दार बघा. दाराच्या आत एक सुरक्षा-बटण असतं. वायर जोडायला दार काढलं आणि परत बसवताना ते नीट बसलं नाही तर सगळी वीज बंद. यानंतर ब्रेकर, बोर्डावरचा चपटा फ्यूज आणि बॅटऱ्या. उन्हाळ्यात स्क्रीन गेली असेल तर एसीच्या पाण्याचा ट्रे बघा. निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबली की ट्रेमधला तरंगता स्विच छत भिजू नये म्हणून वीज तोडतो. अशा वेळी लोक नवा थर्मोस्टॅट विकत आणतात आणि तोही काळाच राहतो.

वीज आहे पण मशीन हलत नाही, तेव्हा थर्मोस्टॅटला वाटेतून बाजूला काढायचं. वीज बंद करून थर्मोस्टॅट भिंतीवरून काढा. वायरीचा एक तुकडा घेऊन आर आणि जी जोडा, वीज चालू करा. पंखा फिरला? वीज बंद. आता आर आणि डब्ल्यू. फर्नेस पेटली? वीज बंद. बाहेर ऊबदार असेल तर आर, वाय आणि जी. दरवेळी वीज बंद करूनच जोडणी बदलायची, आणि आर व सी एकमेकांना कधीच लावायचे नाहीत. हाताने जोडल्यावर मशीन चालतं पण थर्मोस्टॅटने चालत नाही, म्हणजे दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये. हातानेही चालत नसेल तर थर्मोस्टॅट निर्दोष, शोध खाली घ्यायचा. मल्टीमीटर असेल तर एसी (इथे अल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर ठेवून आर आणि सीमध्ये मोजा, २४ ते २८ यायला हवेत.

रोजच्या वापरातलं थोडं

घर लवकर तापावं म्हणून ६८ ऐवजी ८० लावणं निरर्थक आहे. साधी फर्नेस एकाच वेगाने तापवते, फक्त थांबत नाही. हीट पंपाला तर एकदम मोठी उडी दिसली की तो मदतीला महागडी इलेक्ट्रिक हीट बोलावतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा की दिवसाचे ८ तास तापमान नेहमीच्या सेटिंगपेक्षा ७ ते १० अंश फॅरनहाइटने (हिवाळ्यात खाली, उन्हाळ्यात वर) ठेवलं तर हीटिंग-कूलिंगच्या वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. हिवाळ्यात जागेपणी त्यांची शिफारस साधारण ६८ ते ७० ची, म्हणजे २०-२१ सेल्सिअस. आपल्याकडून नुकत्याच आलेल्या आजी-आजोबांना ६८ मध्ये हुडहुडी भरते हेही खरं, आणि त्यांच्या खोलीसाठी वेगळा विचार करण्यात कमीपणा नाही. वेळापत्रक लावलंत तर एक लक्षात असू द्या: कुणीतरी ‘होल्ड’ दाबलं की ते गप्प होतं, आणि महिनाभर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

भाडेकरूंना थर्मोस्टॅट बदलायचा हक्क नसला तरी उबेचा असतो. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं तर घरमालकाने घरात किमान ६८ अंश राखायचे असतात. रात्री १० ते सकाळी ६ मध्ये, बाहेर काहीही असो, किमान ६२. तक्रारीसाठी ३११ हा नंबर. फोन करण्याआधी थर्मामीटरचा आकडा वेळेसकट लिहून ठेवा.

आणि मेकॅनिकला बोलवायची वेळ आलीच तर ‘हीटिंग चालत नाही’ एवढंच सांगू नका. ‘आर-सीमध्ये २६ व्होल्ट आहेत, आर-जी जोडल्यावर पंखा फिरतो, आर-डब्ल्यू जोडल्यावर लहान मोटर घुमते पण कांडी लाल होत नाही’ असं सांगा. येणारा माणूस बरोबर कांडी घेऊन येईल आणि थर्मोस्टॅट विकायचा प्रयत्न करणार नाही.